गंमत सव्वादहाची, खुलासा साडेदहाचा

या वेळच्या टपालात ग्रुपवरच्या खोड्यांचीच पत्रं जास्त निघाली. केलेल्यांची, भोगलेल्यांची, आणि करायच्या तयारीत असलेल्यांचीही. त्यातली चार घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण बाकीच्यांची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी वात्रट म्हणून ओळखला जातो. परवा रात्री सव्वादहाला मी सेक्रेटरींच्या थाटात टाकलं : ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, वीजबचतीसाठी उद्यापासून लिफ्ट फक्त सम क्रमांकाच्या मजल्यांवर थांबेल. विषम मजल्यांवरील रहिवाशांनी एक मजला चढावा की उतरावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.’ हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. साडेदहाला मी ‘अहो, गंमत केली!’ असंही लिहिलं. तरी सकाळी पाचव्या मजल्यावरच्या आजी गुडघा धरत जिन्याने सहाव्यावर गेल्या आणि तिथून लिफ्टने खाली आल्या. आता त्यांचा मुलगा माझ्याकडे बघत नाही, कमिटी म्हणते माफी मागा. खुलासा केला होता ना मी? मग आणखी काय करायला हवं होतं?
— विषम मजल्यावरचाच एक रहिवासी

उत्तर : ‘चढावा की उतरावा’ वाचून मी हसले, हे आधी सांगून टाकते. विनोद तुम्हाला येतो. ग्रुप कसा वाचला जातो, तेवढं तुमच्या लक्षात आलेलं नाही.

समोरासमोर खोडी काढली की समोरच्याचा चेहरा पडलेला दिसतो, आपण तिथेच ‘फसलात!’ म्हणतो, आणि मामला मिटतो. ग्रुपवर खोडी आणि खुलासा हे दोन वेगळे संदेश असतात आणि ते वेगवेगळ्या वेळी वाचले जातात. कोणी सव्वादहाला वाचतं, कोणी सकाळी, कोणाचा ग्रुप कायमचा म्यूट असतो. आजींनी झोपण्यापूर्वी फोनच्या पडद्यावर आलेल्या पहिल्या दोन ओळी वाचल्या असतील आणि चष्मा काढून ठेवला असेल. सकाळी कोण वर सरकवत बसतं? तुमचा खुलासा तर तुमच्याच विनोदाला आलेल्या दादेखाली गाडला गेला होता.

पाठवलेला संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. २०२३पासून ही सोय आहे. सव्वादहा ते साडेदहा, नेमकी तीच पंधरा मिनिटं तुम्ही इमोजी मोजण्यात घालवलीत! त्या वेळात मूळ संदेशाच्या डोक्यावर ‘थट्टा आहे’ एवढं घातलं असतंत, तर उशिरा ग्रुप उघडणाऱ्याला दोन्ही एकत्र मिळालं असतं. वेळ उलटून गेल्यावरही मूळ संदेश सर्वांसाठी हटवता येतो, त्याला दोन दिवसांहून जास्त मुदत असते. खुलासा पिन करून वर टांगता येतो. आणि आपल्या संदेशावर बोट दाबून माहिती उघडली की तो कोणी कोणी वाचला याची यादी दिसते. निळ्या खुणा बंद करून ठेवलेले लोकही ग्रुपवर त्या यादीतून सुटत नाहीत. खुलासा वाचलेल्यांत आजी नाहीत, हे तुम्हाला त्या रात्रीच कळलं असतं. एक फोन पुरला असता.

काही जण खुलासा त्याच संदेशात घालतात, पण वीस रिकाम्या ओळी सोडून तळाशी. लांब संदेश व्हॉट्सअ‍ॅप मध्येच तोडतं आणि ‘अधिक वाचा’ दाखवतं. ते कितीजण दाबतात, तुम्हीच आठवून बघा. तेव्हा तळाशी लपवलेल्या खुलाशाला मी खुलासा म्हणत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि मला ही जास्त खटकली : तुम्ही सेक्रेटरींचा आवाज उसना घेतलात. त्याच ग्रुपवर खऱ्या सूचनाही येतात. पुढच्या वेळी लिफ्ट खरंच बंद असेल तेव्हा अर्धी इमारत म्हणेल, ‘हा त्या वात्रटाचाच प्रताप.’ १ एप्रिल २०१३ला अमेरिकेतल्या फ्लोरिडात दोन रेडिओ निवेदकांनी जाहीर केलं, की तुमच्या नळांतून डायहायड्रोजन मोनॉक्साइड येतंय. हे पाण्याचंच रासायनिक नाव, म्हणजे वाक्य शब्दशः खरं होतं! पण ऐकणारे घाबरले, पाणीपुरवठा खात्याला ‘पाणी सुरक्षित आहे’ असं सांगत बसावं लागलं आणि त्या दोघांना काही काळ कामावरून दूर ठेवलं गेलं. शास्त्र शिकलेल्याला तो विनोद आजही आवडतो. तान्ह्या बाळाची बाटली भरत असलेल्या बाईला त्या सकाळी तो आवडला नसणार. पाणी, वीज, लिफ्ट, औषध, मुलं, पैसे, चोरी, आग : यांतल्या कशाचीही बातमी ऐकली की माणूस आधी हालचाल करतो, मग विचार करतो. या विषयांवर खोडी नको, मग खुलासा कितीही चोख असो.

माफीचं म्हणाल तर आजींची माफी त्यांच्या घरी जाऊन मागा. ‘गंमत होती, पण’ या वळणाचं वाक्य तोंडात येऊ देऊ नका. ग्रुपवर एकच ओळ पुरे : ती सूचना माझी होती, कमिटीची नव्हती. माफीनाम्यात कोटी करायचा मोह तुम्हाला होणार, हे पत्रावरूनच दिसतंय. आवरा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्या भागाचा जुन्या वस्तू देण्याघेण्याचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. शेजारचे काका सतत आमच्या बॉलवरून ओरडतात. आम्ही मित्रांनी ठरवलंय, त्यांच्या नंबरने टाकायचं : ‘कपाट फुकट देणे आहे, आधी येईल त्याला.’ कोणाचं काही चोरत नाही, कोणाला मारत नाही. हे निरुपद्रवी आहे ना?

उत्तर : नाही रे बाबा. आणि कल्पना नवीनही नाही.

१८१०च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये थिओडोर हूक नावाच्या एका लेखकाने हाच उद्योग केला होता. बर्नर्स स्ट्रीटवरच्या ५४ क्रमांकाच्या घरी एक बाई राहत होत्या. त्यांच्या नावाने त्याने शहरभर पत्रं पाठवली. पहाटेपासून धुराडी साफ करणारे आले, कोळशाच्या गाड्या आल्या, केकवाले आले, डॉक्टर आले, वकील आले, पियानो आले, खुद्द लंडनचे लॉर्ड मेयर येऊन गेले. रस्ता दिवसभर तुंबला. कोणतंही घर लंडनभर गाजवून दाखवीन, अशी त्याने मित्राशी पैज मारली होती आणि समोरच्या घरातून तो मजा बघत बसला होता, असं सांगतात. ही गोष्ट आजही हसत हसत सांगितली जाते, कारण सांगणाऱ्यांत त्या दिवशी कोळसा वाहून आणणारा कोणी नसतो.

तुमच्या कपाटाचंही तसंच होईल. काका दहा मिनिटं ओरडतील, तसे ते एरवीही ओरडतातच. पण कोणीतरी टेम्पो ठरवून, सुट्टी टाकून, दोन माणसं बरोबर घेऊन त्यांच्या दारात उभं राहील. त्याने तुमचा बॉल कधी अडवला होता? शिवाय दुसऱ्याचा नंबर त्याला न विचारता चव्हाट्यावर टाकणं ही खोडी उरत नाही. पोस्ट तुम्ही काढाल, तोवर स्क्रीनशॉट निघालेले असतील आणि काकांचा फोन आठवडाभर वाजत राहील. दुसऱ्याच्या नावाने काही लिहायचं नाही. या एका बाबतीत मी तुला काहीच सूट देणार नाही.

बॉलचं काकांशी सरळ बोला. कोणत्या वेळी खेळलं तर चालेल, एवढंच विचारा.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर एके दिवशी सगळ्यांनी आपला डीपी काढून माझ्या नवऱ्याचा फोटो लावला, तोही डुलकी लागलेला. सगळे खूप हसले. हेही हसले, पण त्यानंतर ग्रुपवर एक शब्द लिहीत नाहीत. मी विषय काढू का? की मीच बाऊ करतेय?

उत्तर : बाऊ नाही. ग्रुपवर हसण्याचं एक बटण असतं आणि ते दाबण्यावाचून माणसाला गत्यंतर नसतं. न दाबावं तर ‘याला विनोद कळत नाही’ हा शिक्का तयारच असतो.

डीपी बदलायची खोडी मला तशी आवडते. तिच्यात खोटी बातमी नसते आणि दुसऱ्या दिवशी मागमूस उरत नाही. पण फोटो कोणता, यावर सगळं असतं. यजमान झोपलेले असताना तो काढला कोणी, त्यांना विचारलं होतं का? आधी घरात त्यांना विचारा, आणि ग्रुपचं नाव न घेता : ‘तो फोटो तुम्हाला आवडला नव्हता ना?’ ते हो म्हणाले तर फोटो काढणाऱ्यालाच खाजगीत सांगा, की तो सगळ्यांना काढून टाकायला लाव. ग्रुपवर जाहीर खटला नको, त्याने तो फोटो पुन्हा वर येईल.

आणि ते नाहीच म्हणाले, तर त्यांना ग्रुपवर लिहायचा नुसता कंटाळा आला असेल. तसंही होतं.

प्रश्न : मी ग्रुपची अ‍ॅडमिन आहे. खोड्यांवर सरसकट बंदी घालावी, असं काहींचं म्हणणं आहे. मला ते रुक्ष वाटतं. धोका नसलेली एखादी खोडी सुचवाल का?

उत्तर : बंदी घालू नका. बंदी घातली की लोक अ‍ॅडमिनचीच खोडी काढतात, अनुभव आहे. सूचनांसाठी वेगळा ग्रुप करा, तिथे फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग ठेवा. गप्पांच्या ग्रुपवर मग लिफ्टला पंख फुटले तरी बिघडत नाही.

१ एप्रिल १९६२ला स्वीडनच्या टीव्हीवर एका तज्ज्ञाने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की पडद्यावर नायलॉनचा मोजा ताणून बसवला की कृष्णधवल चित्र रंगीत दिसतं. पुष्कळांनी घरी करून बघितलं. त्यात गेले ते मोजेच, आणि फसलेला माणूस स्वतःच्याच टीव्हीसमोर स्वतःलाच हसला. मला ही जात आवडते : कोणाला कुठे पळावं लागत नाही, कोणी एकटा धरला जात नाही.

आमच्या ग्रुपवर सध्या ‘हरवले-सापडले’चं सत्र चालू आहे. सुरुवात कोणीतरी ‘तिसऱ्या मजल्यावर रविवारची दुपार सापडली आहे, ओळख पटवून घेऊन जावी’ असं लिहून केली. त्यावर तळमजल्यावरून दावा आला, की ती आमची, तिच्या एका कोपऱ्यावर झोपेचा डाग आहे. मग कोणाची तरी जांभई जिन्यात सापडली आणि ती ओळखीचा पुरावा मागत घरोघर फिरली. पहिल्याच ओळीत अशक्य गोष्ट असल्यामुळे खुलाशाची गरज पडत नाही. ओळ फॉरवर्ड होऊन परक्या ग्रुपवर गेली तरी तिथे कोणी चप्पल घालून धावत नाही. एरवी कधीच न लिहिणारे पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ त्यात आले ते ‘जांभई माझी नाही, माझी घरीच आहे’ एवढं सांगायला.

सुरुवात तुम्ही करा. अ‍ॅडमिनने काहीतरी हरवल्याचं जाहीर केलं की बाकीचे लगेच शोधायला लागतात. संयम हरवला म्हणून लिहा, सापडल्याचे दावे बरेच येतील.