गावात समुपदेशक नाही. मानसशास्त्रज्ञांनी बनवलेला एआय चॅटबॉट वापरला तर चालेल का?

मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांचं समुपदेशन करते. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘चालेल’ असंच आहे, पण कुठला आणि कशासाठी ते आधी बघा.

या प्रकारातलं मला पटलेलं काम ॲलिसन डार्सी यांचं. त्या मूळच्या आयर्लंडच्या, स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी २०१७ मध्ये ‘वोबॉट’ हा चॅटबॉट आणला. त्यात यंत्र स्वतःच्या मनाने काही बोलतच नव्हतं. वाक्यं माणसांनी आधीच लिहून ठेवलेली असायची, तुम्ही काय टाइप केलंय ते ओळखून त्यातलं योग्य ते पुढे करणं एवढंच एआयकडे होतं. गप्पा जरा ठोकळेबाज व्हायच्या, पण भलता सल्ला मिळायची भीती कमी.

पद्धत सीबीटीची, म्हणजे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची. ‘मी नापासच होणार’ हा विचार लिहायचा, त्याला पुरावा काय ते तपासायचं, मग तोच विचार नीट मांडायचा. (मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडक्यांमुळे आपल्याकडे रुजलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचं हे भावंडच.) ७० तरुणांवर दोन आठवडे चाचणी झाली. काहींना बॉट दिला, बाकीच्यांना नैराश्यावरचं ई-पुस्तक. बॉटवाल्यांचं नैराश्य जास्त उतरलं. दोनच आठवडे, तेही अमेरिकेत इंग्रजीतून, त्यामुळे मी फार हुरळत नाही.

तरी मला याचा उपयोग दिसतो. माझ्याकडची मुलं आठवड्याला एकदा येतात. मधल्या दिवसांत विचारांची वही लिहा म्हटलं की कोणी लिहीत नाही, कारण रूम पार्टनर वाचेल. फोनवर मात्र रात्री दोनलाही लिहितात. ती वही म्हणून बॉट उत्तम.

भाषेची अडचण मोठी आहे. मुलगी म्हणते, ‘‘मॅडम, कसंतरीच होतंय.’’ ती घाबरलीय, तिला मळमळतंय की घरी काही घडलंय, हे मला तिच्या चेहऱ्याकडे बघत दोन-तीनदा विचारावं लागतं. बॉटला चेहरा दिसत नाही.

आणि वोबॉट आता मिळणारही नाही. ३० जून २०२५ ला ते ॲप बंद झालं. एफडीए या अमेरिकेतल्या औषध-उपचार नियामक संस्थेच्या मंजुरीचा खर्च आणि अडचणी हे एक कारण डार्सींनी दिलं. दुर्दैव असं की जपून बनवलेलं बंद पडलं आणि लोक चॅटजीपीटीपाशी मन मोकळं करू लागले. तो उपचारासाठी बनवलेला नाही, शिवाय बऱ्याचदा तुमच्या होला हो करतो. खचलेल्या माणसाला ते घातक ठरू शकतं.

झोप, परीक्षेची धास्ती, रोजची चिडचिड यासाठी असाच जपून बनवलेला बॉट मिळाला तर वापरा. जीव नकोसा वाटत असेल तर टाइप करत बसू नका, १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास आणि फुकट. मराठीत बोलता येतं.