भिंतीवरचं बटण दाबण्याआधी

प्रश्न : मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहे. भाच्यानं कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी उबंटू घालून दिलंय. ऐन सौद्याच्या हंगामात शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) करताना स्क्रीन थिजते, माउस हलत नाही. मालकांचा मुलगा सरळ भिंतीवरचं बटण बंद करतो. परवा त्यानंतर पट्ट्यांची फाइल उघडलीच नाही. कीबोर्डवरून नीट बंद-चालू करता येतं का?
— एक दिवाणजी, कोल्हापूर

उत्तर : येतं. आधी त्या पोराचा हात धरा. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीची बिलं मी स्वतः अशीच घालवली आहेत. मालकानं चहा पाजला, मजुरी दिली नाही.

दोन मिनिटं थांबा. मग कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत जीव आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-3 एकदम दाबा. काळा पडदा येऊन लॉगिन विचारलं, तर तिथं काही टाइप करू नका. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा, मशीन रीतसर बंद होऊन चालू होईल.

तेही झालं नाही, तर डावा ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून धरा (त्यावरच कधी कधी सिस-आरक्यू लिहिलेलं असतं, लॅपटॉपवर बहुधा एफएनही लागतं) आणि एकेक अक्षर दाबा : एस, यू, बी. मध्ये चार-पाच सेकंद जाऊ द्यात. एस म्हणजे मेमरीत अडकलेल्या नोंदी डिस्कवर उतरवणं. यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवणं, वही मिटून वर दोरी बांधल्यासारखं. बी दाबलं की क्षणात रीस्टार्ट. म्हणून बी कायम शेवटी! वही उघडी ठेवून दुकानाला कुलूप लावायचं नसतं, हे मी तुम्हाला काय सांगणार?

आर, ई, आय, एस, यू, बी असा सहा अक्षरांचा मंत्र कुणी सांगेल. उबंटूत यातली कोणती अक्षरं चालतील याची परवानगी एका आकड्यात असते, मुळातला आकडा 176. एसचे 16, यूचे 32, बीचे 128. बेरीज तुम्ही माझ्याआधी केली असेल. पहिल्या तीन अक्षरांचे त्यात काही नाहीत, त्यामुळे ती दाबूनही काही होत नाही.

एक मात्र आहे. जी पट्टी टाइप करून सेव्ह केली नव्हती, ती एसनंही वाचत नाही. लिब्रेऑफिस वापरत असाल, तर टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल इथं आपोआप जपणुकीची वेळ 10 मिनिटं असते, ती 2 करा. आणि गुळाच्या रव्यांच्या (ढेपांच्या) दर लॉटनंतर कंट्रोल-एस.

वारंवार थिजत असेल तर मात्र मशीन कुणाला तरी उघडून दाखवा. गुळाच्या पेठेत पंख्यात काय काय चिकटतं, ते मी पाहिलंय.