फेक-बी जनुकाचा मेंढा आणला तर जुळी कधीपासून होतील?

म्हसवडजवळच्या आपल्या तीस दख्खनी मेंढ्यांच्या कळपासाठी फलटणच्या ‘नारी सुवर्णा’ जातीचा, म्हणजे जुळी होण्याचा गुण देणारे फेक-बी जनुक असलेला मेंढा आणला, तर येत्या हंगामातच जुळी कोकरे मिळतील का, असे आपण विचारले आहे. येत्या हंगामात ती मिळणार नाहीत. मेंढीला किती कोकरे होणार हे एका माजाला तिच्या अंडाशयातून किती बीजे सुटतात यावर ठरते, आणि त्यात नराचा वाटा नसतो. मेंढा हा गुण केवळ आपल्या संततीला देतो. त्यामुळे त्याच्यापासून झालेली मादी कोकरे वाढून स्वतः विऊ लागतील तेव्हा, म्हणजे साधारण दोन वर्षांनी, आपल्याला फरक दिसेल. विकणारे बहुधा हे सांगत नाहीत.

हे जनुक मूळचे आपल्याकडचे नाही. सुंदरबनातील गारोल ही छोट्या चणीची मेंढी सहज दोन-तीन कोकरे देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिचा संकर लोणंदकडच्या दख्खनी मेंढ्यांशी केला. पण गारोलचा लहान बांधा मांसासाठी नको होता, म्हणून संकरित पिढ्यांचा पुन्हा पुन्हा दख्खनीशी संयोग करून तेवढे एक जनुक राखायचे आणि बाकीचे गारोलपण काढून टाकायचे, असे ते काम होते. पूर्वी नरात जनुक आहे की नाही हे त्याच्या मुली विईपर्यंत कळत नसे. 2001 साली त्यातला नेमका बदल सापडला आणि रक्ताच्या थेंबावरून कोवळ्या नराचीही निवड करता येऊ लागली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा या कामात सहभाग होता, आणि ऑस्ट्रेलियाचेही सहकार्य होते. तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत हेच जनुक असून ते अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून गेलेल्या मेंढ्यांतून आले असावे, असे मानले जाते.

जनुकाच्या दोन प्रती असलेला नर साध्या मेंढ्यांवर सोडला, तर प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते. एकच प्रत असलेला नर असेल, तर निम्म्यांनाच. म्हणून मेंढा घेताना तपासणीचा कागद मागावा, नुसत्या देखण्या अंगावर जाऊ नये. मेंढीत मात्र एकच प्रत बरी. दोन प्रती असल्या तर तिळी होण्याची शक्यता वाढते, आणि चरणीवर जगणाऱ्या मेंढीला तीन कोकरे दुधावर वाढवणे झेपत नाही.

खरी अडचण खुराकाची आहे. मेंढी पाच महिने गाभण असते, पण पोटातल्या कोकराची दोन तृतीयांशाहून अधिक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्या काळात माणदेशी माळावर गवत नसेल, तर जुळी पोटात असलेली मेंढी अंगातली चरबी जाळत जाते, खाणे सोडते आणि बसते ती उठत नाही. म्हणून विण्याच्या आधीचे सहा आठवडे आणि नंतरचे दोन महिने मका, पेंड, कडबा असा वरचा खुराक देता येणार असेल, तरच या वाटेला जावे. जुळ्यांतले अशक्त कोकरू पहिल्या काही तासांत हाताने चिकाला लावावे लागते. दिवाळीनंतर मेंढ्यांचा वाडा (कळप) घेऊन कोकणात उतरणाऱ्यांना हे वाटेत जमत नाही, तेव्हा त्यांना मी हा मेंढा सुचवत नाही. जतकडच्या माडग्याळ मेंढीवाल्यांनाही नाही, कारण तिथे किंमत बाकदार नाकाची आणि उंचीची मिळते, आणि संकराने नेमके तेच जाते.

आपण एकाच जागी राहता आणि विहिरीवर मका होतो असे लिहिले आहे, म्हणून आपल्यासाठी माझे मत अनुकूल आहे. फक्त त्याच मेंढ्याच्या मुली माजावर येण्याआधी तो विकावा किंवा बदलावा. त्या मुलींवर नात्याबाहेरचा साधा दख्खनी नर सोडावा, आणि त्यांची कोकरे मांसासाठीच विकणार असाल, तर त्यांच्या रक्ततपासणीवर खर्च करण्याची गरज नाही.