शेतातला पिलबॉक्स पाडता येईल का?

प्रश्न : इंग्लंडमध्ये सफोकला आम्ही जुनं, गवताने शाकारलेलं घर घेतलं. मागे १९४० सालचा काँक्रीटचा पिलबॉक्स, म्हणजे सैनिकांनी आतून गोळीबार करायची छोटी चौकी आहे. बिल्डर म्हणतो, रविवारी ब्रेकर लावून पाडून टाकू. शेजारचे आजोबा म्हणतात, हात लावलात तर तुरुंगात जाल. खरं काय?

उत्तर : आधी बिल्डरला फोन करून रविवारचं काम थांबवा.

मालकी बहुधा तुमचीच. १९४० साली ब्रिटिश सैन्य फ्रान्समधल्या डंकर्कहून माघारी आल्यावर जर्मन स्वारीच्या धास्तीने हे पिलबॉक्स काही महिन्यांत घाईघाईने उभे राहिले, तेही बरेचसे खासगी शेतांत. पण जमिनीत पक्कं रोवलेलं बांधकाम साधारणपणे जमिनीबरोबरच विकलं जातं. लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्यात कुणाचे हक्क राखून ठेवलेले नाहीत ना, एवढं पाहून घ्या.

आजोबांचं म्हणणं सरसकट खरं नाही. प्रत्येक पिलबॉक्स संरक्षित नसतो. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेची संरक्षित वास्तूंची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते, त्यात तुमचा आहे का ते शोधा. आपल्याकडे १९५८च्या कायद्यात स्मारकाला शंभर वर्षांची अट आहे. तिथे तशी अट नाही, त्यामुळे ‘एवढा काही जुना नाही’ हा बचाव चालत नाही.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या घराची. गवती छपराची जुनी घरं पुष्कळदा स्वतःच यादीत असतात. तसं असेल तर घराच्या आवारातलं, १ जुलै १९४८पूर्वीपासून उभं असलेलं बांधकाम कायद्याने त्या घराचाच भाग धरलं जातं. म्हणजे पिलबॉक्सचं नाव यादीत नसूनही तो संरक्षित ठरू शकतो! विनापरवाना पाडला तर १९९०च्या कायद्याने अमर्याद दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मागचं शेत’ आवारात मोडतं का, हा मात्र वादाचा मुद्दा आहे. काउन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) कॉन्झर्व्हेशन ऑफिसरचं, म्हणजे जुन्या वास्तूंचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं मत लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर भिस्त ठेवू नका.

घर यादीत नसलं तरी पाडण्याआधी काउन्सिलला पूर्वसूचना लागू शकते. शिवाय पिलबॉक्स यादीत घ्यावा म्हणून कुणीही अर्ज करू शकतं, आजोबासुद्धा. काउन्सिल तातडीची नोटीस काढून सहा महिने हात बांधू शकते.

आणि वटवाघळं! थंड, दमट, अंधाऱ्या पिलबॉक्समध्ये ती हिवाळा काढतात. त्यांचा निवारा रिकामा असतानाही संरक्षित असतो. परवानाधारक तज्ज्ञाकडून पाहणी झाल्याशिवाय गोळीबाराच्या फटीही बुजवू नका.

तोवर आत मुलं शिरणार नाहीत अशी काळजी घ्या. विनापरवानगी आलेल्याला इजा झाली तरी १९८४च्या कायद्यानुसार जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. दाराला जाळी लावायची तर तीही त्या तज्ज्ञाला विचारूनच; तूर्त कुंपण आणि धोक्याची पाटी पुरे.