प्रेमाचा धागा ओढून पाहा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : निव्वळ प्रेमकथा मला झेपत नाहीत, पण गोष्टीत थोडंसं प्रेम असलं की ती कादंबरी किंवा चित्रपट मनात राहतो. हा फरक नेमका कशात आहे? पुस्तक हातात घेतल्यावर तो आधीच ओळखता येतो का?

दोघांमधल्या प्रेमाचा धागा मनातल्या मनात ओढून काढा आणि मागे काय उरतं ते बघा. काहीच उरलं नाही, तर ती प्रेमकथा. सगळं जसंच्या तसं उरलं, तर प्रेम वरून चिकटवलेलं होतं. पण गोष्ट उभी राहते आणि तरी तिच्यातला एखादा मोठा निर्णय एकाएकी कळेनासा होतो, असं झालं तर तुम्हाला हवी तीच जातकुळी सापडली म्हणायची.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) या कसोटीवर घासून पाहण्यासारखी आहे. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, घरी परतणारे हिंदी प्रवासी, दाराशी आलेलं युद्ध, आणि हे सगळं एका बोटीवर. हिंदी प्रवासी चक्रधर आणि ज्यू तरुणी हेर्टा यांचं प्रेम वगळलं तरी ती बोट आणि ते प्रवासी उरतात. पण देशाभिमान आणि वंशद्वेष या मोठ्या शब्दांची किंमत एका माणसाला काय मोजावी लागते, ते मग कळत नाही. कादंबरी लहान आहे आणि प्रेमाला तिच्यात मोजकेच दिवस मिळतात. बोट बंदराला लागेल तेव्हा संपणार, हे पहिल्यापासून ठरलेलं असल्यामुळे साध्या बोलण्यालाही धार येते.

आता ओळखायचं कसं. मलपृष्ठावरचा मजकूर पहिल्या दोन वाक्यांत काय सांगतो ते पाहा. माणसाचं काम, अडचण, ठिकाण आधी आलं आणि दुसरी व्यक्ती नंतर, तर आशा ठेवायला हरकत नाही. मग पुस्तक एक तृतीयांशाच्या आसपास उघडून दोन पानं वाचा आणि दोन तृतीयांशाच्या आसपास आणखी दोन. तिथे दोघं एकमेकांबद्दलच बोलत असतील, तर पुस्तक ठेवून द्या. दोघं मिळून एखादी तिसरीच गोष्ट निस्तरत असतील, तर घ्या. ही युक्ती दर वेळी लागू पडेल असं नाही, पण मुखपृष्ठावर विसंबण्यापेक्षा बरी.

प्रश्न : रहस्यकथेत प्रेमप्रकरण आलं की माझा रसभंग होतो. हा माझा हट्ट आहे का?

नाही, तुमच्या बाजूने जुनी साक्ष आहे. अमेरिकन रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यांनी 1928 साली रहस्यकथेचे वीस नियम छापले, त्यांत प्रेमप्रकरणाला साफ मनाई होती. काम गुन्हेगाराला पकडण्याचं आहे, जोडपं बोहल्यावर चढवण्याचं नाही, असा त्यांचा सूर.

रसभंगाची दोन कारणं आहेत. पहिलं हिशेबाचं. तपास करणाऱ्याचा जीव जिच्यावर जडला ती खुनी नसणार, हे वाचक ओळखतो. पाच संशयितांतली एक व्यक्ती अशी फुकट बाद झाली की कोडं तेवढं सोपं होतं. दुसरं कारण वेगाचं. तपासात प्रत्येक प्रकरणाने नवी माहिती द्यायची असते. चांदण्यातलं प्रकरण माहिती न देता संपलं की वाचक पानं उलटू लागतो.

पण डोरोथी सेयर्स यांनी हाच दोष उलटा वापरला. त्यांच्या ‘स्ट्राँग पॉयझन’ (1930) मध्ये हॅरिएट व्हेनवर पूर्वीच्या प्रियकराला विष घातल्याचा खटला चालू आहे. हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी तिला तुरुंगात भेटायला जातो आणि पहिल्याच भेटीत लग्नाचं विचारतो. ती सुटते, त्याच्यामुळे सुटते, आणि नेमकी तीच अडचण होऊन बसते. ज्याने जीव वाचवला त्याला होकार दिला, तर तो उपकाराची फेड ठरेल. ही गाठ सुटायला ‘गॉडी नाइट’ (1935) उजाडावं लागतं. तिथला शेवटचा प्रश्न विद्यापीठात संमती विचारतात त्या लॅटिन शब्दांत येतो, आणि उत्तर एका शब्दाचं. दोघं तिथे बरोबरीचे होतात, कारण तो तिला सांभाळून बाजूला ठेवत नाही, धोका पत्करू देतो. प्रेम आणि तपास इथे एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. मन आणि बुद्धी यांत खोटं कशाशी बोलायचं नाही, हा तो प्रश्न. एवढी जुळणी साधली, तर नियम मोडला म्हणून कुणी तक्रार करणार नाही.

प्रश्न : आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट पाहिला. प्रसंग सगळे होते, कलाकार उत्तम होते, तरी त्या दोघांचं प्रेम पटलं नाही. असं का होतं?

बहुतेक वेळा वाट पाहणं कापलं जातं म्हणून. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. दोन तासांच्या चित्रपटाला 120 पानं मिळतात, आणि पटकथेच्या पानावर मजकूर विरळ असतो. तीन-चारशे पानांच्या कादंबरीतून प्रसंग उचलले जातात, पण दोन प्रसंगांच्या मधले दिवस गळतात. प्रेम वाढतं ते त्या मधल्या दिवसांत.

जेन ऑस्टिन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (1813) मध्ये 61 प्रकरणं आहेत. नायक डार्सीची लग्नाची पहिली मागणी येते 34व्या प्रकरणात, म्हणजे निम्मी गोष्ट उलटल्यावर, आणि दुसरी थेट 58व्या प्रकरणात. या दोन मागण्यांमधल्या तेवीस प्रकरणांत नायिका एलिझाबेथ त्याचं पत्र पुन्हा पुन्हा वाचते, त्याचं घर पाहते, घरच्या जुन्या नोकराणीकडून त्याच्याबद्दल ऐकते आणि आपलं मत थोडं थोडं बदलत जाते. चित्रपटाला हे काही मिनिटांत उरकावं लागतं. बीबीसीने 1995 मध्ये सहा भागांची मालिका केली. ती अनेकांना पुस्तकाच्या जवळची वाटते, त्याचं एक साधं कारण तिला मिळालेला वेळ हे आहे.

दुसरी अडचण मनातल्या बोलण्याची. कादंबरी एका ओळीत सांगते की तिला ते आवडलं पण तिने दाखवलं नाही. कॅमेऱ्याला ‘दाखवलं नाही’ हे दाखवायचं असतं. यावर कसा तोडगा काढावा, हे डेव्हिड लीन यांच्या ‘ब्रीफ एन्काउंटर’ (1945) मध्ये पाहावं. मूळ आहे नोएल कॉवर्ड यांची ‘स्टिल लाइफ’ ही 1936 सालची एकांकिका, सगळी स्टेशनवरच्या उपाहारगृहात घडणारी. लहान ऐवज घेऊन तो वाढवला, त्यामुळे कापाकापी करावी लागली नाही. मोठी कादंबरी दामटून बसवण्यापेक्षा दीर्घकथा किंवा एकांकिका पडद्याला जास्त मानवते, असं आमचं मत आहे.

त्यातला एक प्रसंग चित्रपटात दोनदा येतो. सुरुवातीला उपाहारगृहात एक बाई आणि एक पुरुष बसलेले दिसतात. ओळखीची एक बडबडी बाई येऊन त्यांच्या टेबलाशी बसते आणि बोलत सुटते. पुरुषाची गाडी येते, तो उठतो, जाता जाता बाईच्या खांद्यावर हात ठेवतो आणि निघून जातो. आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. मग सारी गोष्ट लॉराच्या, म्हणजे त्या पुरुषासोबत बसलेल्या बाईच्या, मनातल्या निवेदनातून उलगडते. ती हे नवऱ्याला सांगते आहे, पण फक्त मनात. शेवटी तोच प्रसंग पुन्हा येतो. आता ठाऊक असतं की ही कायमची ताटातूट आहे आणि त्या बडबडीने त्यांची शेवटची मिनिटं खाल्ली. खांद्यावरच्या त्याच हाताने आता घशात आवंढा येतो. एकही जास्तीचा संवाद लागलेला नाही.

प्रश्न : गैरसमजावर उभ्या असलेल्या गोष्टी चीड आणतात. त्या सगळ्या टाकाऊ मानायच्या का?

सगळ्या नाही. स्वतःला विचारा : एका वाक्यात खुलासा झाला असता का? आणि झाला असता, तर ते वाक्य न बोलायला त्या माणसाकडे सबळ कारण आहे का? भीती, दिलेला शब्द, मानीपणा, दुसऱ्या कुणाचं गुपित, यांतलं काही असेल तर गैरसमज टिकतो. नेमक्या वेळी फोन बंद पडणं किंवा अर्धंच बोलणं ऐकून दारातून परत फिरणं, हे एकदा चालेल. दुसऱ्यांदा आलं की लेखकाने कष्ट टाळले असं समजा.

प्रश्न : जुन्या चित्रपटांत नायिका नको म्हणते आणि नायक मागे लागतो, शेवटी ती मानते. लहानपणी हेच प्रेम वाटायचं. आता बघवत नाही. काळाप्रमाणे पाहावं की आजच्या नजरेने?

काळ लक्षात घ्या, पण नकाराचा प्रसंग मात्र जरूर तपासा. नकारानंतर काय बदलतं, तेवढं बघा. फक्त नायकाची चिकाटी वाढत असेल आणि गाणं, पाऊस, मित्रमंडळी त्याच्या बाजूने उभी राहत असतील, तर गोष्ट तुम्हाला तिच्याकडे बघूच देत नाही. मग ती कितीही जुनी असली तरी तो दोष तिच्या रचनेतच आहे.

काळाची सबब पुरत नाही, कारण त्याहून कितीतरी जुन्या गोष्टी हे नीट करतात. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डार्सीला एलिझाबेथकडून नकार मिळतो तो चांगलाच झणझणीत. दुसऱ्या दिवशी तो पत्र हातात देतो आणि निघून जातो. त्यात पुन्हा मागणी नसते, आरोपांना उत्तर असतं. पुढे तो तिच्या बहिणीसाठी जे करतो ते तिला कळू नये अशी खटपट करतो. दुसऱ्यांदा विचारताना आधी सांगतो की तुझं मत तेच असेल तर एका शब्दात सांग, हा विषय मी पुन्हा काढणार नाही. बदल त्याच्यात झाला आहे, तिला वाकवलेलं नाही. हे सगळं दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेलं.

जुना चित्रपट गाण्यांसाठी आवडत असेल तर जरूर आवडू द्या. मात्र मत सांगताना दोन्ही सांगा, की संगीत सुरेख आहे आणि पाठलाग खटकतो.

प्रश्न : आमच्या वाचनगटात प्रत्येकाने वाचलेल्या-पाहिलेल्या कलाकृतीवर लिहून आणायचं असतं. माझं लिखाण ‘आवडलं, मनाला भिडलं’ याच्या पुढे जात नाही. कसं लिहू?

वाचतानाच तीन जागा टिपून ठेवा, पान क्रमांकासकट : दोघं पहिल्यांदा भेटतात ती, त्यांच्यातलं काही पहिल्यांदा बदलतं ती, आणि ज्यानंतर मागे फिरता येत नाही ती. चित्रपट असेल तर मिनिटं लिहा. हे आकडे बरंच बोलतात. 300 पानांच्या पुस्तकात दुसरी जागा 30व्या पानावर आणि तिसरी 290व्या पानावर असेल, तर मधली गोष्ट ताणली आहे असं तुम्हाला का वाटलं ते सापडलंच.

लिहायला बसाल तेव्हा 250 ते 300 शब्द पुरे. कथेचा सारांश चार ओळींपलीकडे नेऊ नका, बहुतेकांचं लिखाण इथेच बुडतं. निम्मे शब्द एकाच प्रसंगाला द्या. त्यात कोण काय करतं, काय बोलतं, काय बोलायचं टाळतं ते जवळून सांगा. ‘त्यांच्यात सुरेख जवळीक आहे’ असं लिहाल तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘तो तिचा चष्मा पुसून देतो आणि त्यावर दोघंही काही बोलत नाहीत’ असं लिहिलंत, तर जवळीक दिसते. ‘मनाला भिडलं’, ‘खिळवून ठेवतं’, ‘अप्रतिम’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात येऊ द्यात. दुसऱ्यात ते खोडा आणि त्या जागी कारण लिहा.

खटकलेली एक गोष्ट जरूर नोंदवा, आवडत्या पुस्तकातलीसुद्धा. आणि शेवट फोडू नका. गोष्टीच्या पहिल्या अर्ध्यातलंच उदाहरण घ्यायचं ठरवलं, की हा प्रश्न उरत नाही. आम्ही इथे शेवट उघड सांगतो, ते कलाकृती जुन्या आहेत आणि प्रश्नच शेवटाबद्दलचे आहेत म्हणून.

प्रश्न : दोघं शेवटी एकत्र येत नाहीत, तेव्हा फसवल्यासारखं वाटतं. तरी काही शेवट असे असूनही समाधान देतात. फरक कुठे आहे?

फसवणूक तेव्हा होते, जेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत अपघात किंवा आजार बाहेरून येतो. समाधान तेव्हा मिळतं, जेव्हा ताटातुटीचं कारण पहिल्याच प्रसंगात डोळ्यांसमोर ठेवलेलं असतं.

विल्यम वायलर यांच्या ‘रोमन हॉलिडे’ (1953) ची सुरुवात आठवा. राजकन्या पाहुण्यांचं स्वागत करते आहे. ओळ संपत नाही. घोळदार झग्याच्या आत ती दुखरा पाय बुटातून सोडवते, बूट निसटतो, आणि तो परत पायात सरकवायची तिची धडपड चालू राहते. चेहऱ्यावर मात्र तेच शिष्टाचाराचं हसू. तिचं पद आणि तिचा जीव यांतली ओढाताण एका बुटात आली. मग एका दिवसाची सुटका, वार्ताहराशी जमलेली गट्टी, त्याच्यावर जडलेलं मन, आणि रात्री परत जाण्याचा निर्णय. हा निर्णय ती स्वतः घेते, कुणी पकडून नेत नाही. इथेच शेवट पटतो.

अखेरीस पत्रकार परिषद आहे. राजकन्या पायऱ्या उतरून पत्रकारांच्या ओळीपाशी येते आणि एकेकाशी हस्तांदोलन करत पुढे सरकते. तो त्याच ओळीत उभा आहे. त्याच्याशीही तेवढंच हस्तांदोलन, तेवढंच औपचारिक वाक्य. मग ती पुढच्या माणसाकडे वळते.