‘दुःखाचा डोंगर’ की ‘दुःखाचा पर्वत’?

प्रश्न : ‘पतीच्या निधनाने तिच्यावर दुःखाचा पर्वत कोसळला’ असे वाक्य मी एका लेखात लिहिले होते. संपादकांनी ‘पर्वत’ खोडून तेथे ‘डोंगर’ केले. दोन्ही शब्द समानार्थी असताना या बदलाची गरज होती का? त्याच लेखातील ‘आयुष्याच्या उताराला लागलेली ती’ या शब्दांपुढेही त्यांनी प्रश्नचिन्ह काढले आहे. जीवनप्रवासाला आपण ‘चढउतार’ म्हणतोच. मग ‘उतार’ का खटकावा?

उत्तर : संपादकांचा पहिला बदल मला योग्य वाटतो, परंतु ‘पर्वत’ हा शब्द दुःखाला चालतच नाही, असा त्याचा अर्थ घेऊ नये. तुकोबांनी ‘सुख पाहतां जवापाडें । दुःख पर्वताएवढें’ असे म्हटले आहेच. मात्र त्या ओळीत पर्वत काय काम करतो, हे नीट पाहिले पाहिजे. तेथे तो माप आहे. एका पारड्यात जवाचा दाणा आणि दुसऱ्या पारड्यात पर्वत ठेवून सुखदुःखाचे प्रमाण दाखवलेले आहे. ‘राईचा पर्वत करणे’ या वाक्प्रचाराची घडणही अशीच आहे : मोहरीचा दाणा लहानाचे टोक, पर्वत मोठ्याचे. दोन्ही ठिकाणी पर्वत आपल्या जागी स्थिर असतो आणि माणूस अंतरावर उभा राहून त्याचा आकार न्याहाळतो. ‘डोंगर कोसळणे’ या प्रयोगात मात्र माणूस बघणारा राहत नाही. तो डोंगराखाली सापडलेला असतो. तेव्हा समानार्थी नामांची जोडी लावण्याआधी त्यांच्यासोबत कोणते क्रियापद येते, हे पाहावे. भावनेचे प्रतिबिंब नामापेक्षा क्रियापदात अधिक स्पष्ट उमटते, असे मला फार वाटते.

‘पर्वत’ कोसळताना का पटत नाही, याचा काही भाग त्याच्या कुळातच आहे. हा शब्द ‘पर्वन्’ म्हणजे सांधा, गाठ, पेर या शब्दापासून आलेला आहे. ज्याला सांधे आहेत, जो पेरांपेरांनी रचलेला आहे, तो पर्वत. महाभारताच्या १८ विभागांना ‘पर्व’ म्हणतात ते याच नात्याने, आणि आयुष्यात ‘नवे पर्व सुरू झाले’ असे म्हणताना आपण नकळत पर्वताच्याच घरचा शब्द वापरत असतो. संस्कृतात पर्वताला जी इतर नावे आहेत, त्यांतील कित्येक त्याच्या न हलण्यावरून पडली आहेत : ‘अचल’ म्हणजे न चालणारा, ‘नग’ म्हणजे न जाणारा, ‘अहार्य’ म्हणजे हरण करून नेता न येणारा. पूर्वी पर्वतांना पंख होते, ते उडत असत आणि इंद्राने ते पंख छाटल्यावर पर्वत जागच्या जागी बसले, ही प्राचीन कथाही याच स्थिरतेचे कारण सांगू पाहते. एवढ्या स्थैर्याचा वारसा असलेला शब्द ‘कोसळला’ या क्रियापदापुढे अवघडून उभा राहतो. अर्थ कळतो, पण कानाला पटत नाही.

‘डोंगर’ हा वेगळ्या वळणाचा शब्द आहे. तो संस्कृत कोशांच्या परंपरेतून न येता लोकांच्या तोंडून आला. हेमचंद्राने १२व्या शतकात ‘देशीनाममाला’ रचली, म्हणजे ज्यांची व्युत्पत्ती संस्कृतातून लागत नाही अशा शब्दांचा संग्रह केला, त्यात ‘डुंगर’ हा शब्द ‘शैल’ या अर्थाने नोंदवलेला आहे. गुजराती आणि राजस्थानी बोलणारेही तो आपलाच समजतात. पर्वताकडे पाहायचे असते, तर डोंगर चढायचा, पोखरायचा, उपसायचा असतो. ‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ या म्हणीत पर्वत घालून पाहावा, म्हणजे ती तत्काळ परकी होते. ‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीचेही मर्म हेच आहे की डोंगराजवळ जाण्याची वेळ माणसावर येणारच. (या म्हणीत ‘साजरा’ हे ‘सुंदर’ या अर्थाचे विशेषण टिकून राहिले आहे, एरवी आजच्या लिखाणात ते ‘साजरा करणे’ यापुरतेच उरले आहे.)

यातूनच ‘अमुकाचा डोंगर’ ही रचना मराठीत रुजली असावी. कामाचा डोंगर, कर्जाचा डोंगर, कचऱ्याचा डोंगर, क्रिकेटच्या वर्णनात धावांचा डोंगर : या सर्वांत थोडेथोडे साचत जाऊन माणसाच्या आवाक्याबाहेर गेलेले काहीतरी आहे. धावांचा डोंगरसुद्धा उभारणाऱ्याच्या अभिमानाचा असला, तरी तो ज्याला पार करायचा आहे त्याच्या दृष्टीने ओझेच असतो. दुःख या रांगेत सहज बसते. आश्चर्य असे की सुख त्या रांगेत बसत नाही. ‘सुखाचा डोंगर’ असे मी कोणाच्याही तोंडून ऐकलेले नाही. आनंदासाठी मराठी पाण्याकडे धाव घेते : आनंदाचा डोह, आनंदाला आलेले उधाण, आनंदाचा पूर, आनंदाची भरती. दुःखाला मात्र दोन्ही घरे मोकळी आहेत, कारण ‘दुःखसागर’ हा शब्दही रूढ आहे. तेथे पुन्हा क्रियापदच फरक सांगते. सागरात माणूस बुडतो किंवा तो तरून जातो, आणि दोन्हींना काळ लागतो. डोंगर एका क्षणात कोसळतो. म्हणून अकस्मात आलेल्या मृत्यूच्या वार्तेला डोंगर आणि वर्षानुवर्षांच्या विपत्तीला सागर, असा विवेक जाणते लेखक पाळतात. आपल्या वाक्यात निधनाची घटना आहे, म्हणून ‘डोंगर’.

याच ठिकाणी तिसरा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे, तो म्हणजे ‘पहाड’. ‘तिच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला, तरी ती पहाडासारखी उभी राहिली’ हे वाक्य मराठी वाचकाला जराही विसंगत वाटत नाही. वस्तू म्हणून पाहिले तर डोंगर आणि पहाड एकच. परंतु माणसावर जे कोसळते ते डोंगर, आणि माणूस स्वतः जे होतो ते पहाड, अशी वाटणी भाषेने करून ठेवली आहे. ‘डोंगरासारखी उभी राहिली’ हे चुकीचे म्हणता येणार नाही, तरी त्यात तो कणखरपणा येत नाही. आवाजालाही आपण ‘पहाडी’ म्हणतो, ‘डोंगरी’ म्हणत नाही. ‘डोंगरी’ म्हटले की डोंगराळ भागाशी संबंधित एवढाच बोध होतो. एकाच भूरूपाच्या नावांमधून संकट आणि संकट सोसणारा असे दोघेही दिसावेत, ही मला मराठीची मोठी श्रीमंती वाटते.

डोंगराचे अवयवही मनाच्या कामी आले आहेत; माणसांत ‘दरी’ पडते, प्रतिपक्षाला ‘खिंडीत’ गाठतात, यशाचे ‘शिखर’ असते. त्यांत ‘कडेलोट’ हा शब्द मला सर्वांत तीव्र वाटतो. अपराध्याला कड्यावरून लोटून देण्याची शिक्षा, हा त्याचा मूळ अर्थ. ‘सहनशीलतेचा कडेलोट झाला’ असे लिहिताना लोटणारा कोणी उरत नाही. माणूस सोसत सोसत आपणच कड्यापर्यंत पोहोचलेला असतो.

आता ‘उतार’. चढ म्हणजे उत्कर्ष आणि उतार म्हणजे ऱ्हास, हे समीकरण आपण गृहीत धरतो. परंतु मराठी क्रियापदे त्याला दुजोरा देत नाहीत. ताप चढतो, विष चढते, नशा चढते, राग चढतो. उद्धट माणसाला ‘चढेल’ म्हणतात आणि लाडावलेले मूल ‘डोक्यावर चढते’. याउलट आजाराला ‘उतार पडतो’, विषावर ‘उतारा’ असतो, एखादा विचार मनात ‘उतरतो’, आणि खरा माणूस कसोटीला ‘उतरतो’. ‘उतरणे’ या क्रियापदाचे नाते ‘तॄ’ म्हणजे पार होणे या धातूशी आहे. तरणे, तारू, उत्तीर्ण हे शब्द त्याच धातूचे. परीक्षेत उत्तीर्ण होणारा आणि कसोटीला उतरणारा, दोघेही मुळात पैलतीराला लागलेले आहेत. दुसरी बाजूही अर्थात आहेच : चेहरा उतरतो, माणूस मनातून उतरतो. म्हणजे ‘उतार’ हा शब्द स्वभावतः वाईट नाही. तो कोणाच्या संगतीत आहे, त्यावर त्याची छटा ठरते.

आपल्या वाक्यात ही संगत ‘लागणे’ या क्रियापदाची आहे, आणि माझ्या मते संपादकांची शंका तेथेच आहे. उताराला लागलेली वस्तू स्वतःच्या वजनाने खाली जाते, तिचा तिच्या गतीवर ताबा राहत नाही. ‘उतरती कळा लागणे’ या प्रयोगाची सावलीही त्यावर पडते. ‘उतारवय’ या शब्दात मात्र अशी हतबलता नाही. त्यात उन्हे उतरतात तशी केवळ वेळ सांगितलेली असते. आपल्या लेखातील स्त्रीने पतीच्या मागे धीराने दिवस काढले असे पुढे दाखवायचे असेल, तर ‘उतारवयात तिच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला’ एवढेच लिहावे आणि ‘लागलेली’ हा शब्द काढून टाकावा. ती खरोखरच खचत गेली असेल, तर आपले मूळ शब्द तसेच ठेवावेत आणि प्रश्नचिन्हाच्या उत्तरादाखल संपादकांना तसे कळवावे.