सर्वांत वाईट सिनेमा: माझं मत 'आग'ला, आणि 'माहेरची साडी'ला का नाही

प्रश्न असा आहे की आजवर पाहिलेला सर्वांत वाईट सिनेमा कोणता, आणि का. आतापर्यंत आलेली नावं वाचली: 'गुंडा', रामसे बंधूंचे भूतपट, 'जानी दुश्मन'ची 2002 सालची आवृत्ती, 'मेरा नाम जोकर', आणि दोघातिघांनी तर 'माहेरची साडी'सुद्धा लिहिलंय. माझं उत्तर आहे 'राम गोपाल वर्मा की आग', 2007, म्हणजे 'शोले'चीच नव्याने सांगितलेली गोष्ट. पण वरच्या यादीतले निम्मे सिनेमे तिथे असता कामा नयेत असं मला वाटतं, आणि ते का हे सांगितल्याशिवाय 'आग'बद्दलचं माझं म्हणणं नीट कळणार नाही. त्यामुळे जरा लांब लिहिते.

आधी पडलेले सिनेमे बाजूला काढू. 'कागज़ के फूल' 1959 साली आपटला. 'मेरा नाम जोकर' 1970 साली आपटला आणि राज कपूरना कर्जात टाकून गेला. आज पहिल्याला कुणी वाईट म्हणत नाही. दुसरा लांबला आहे हे मला मान्य, पण त्यातला शाळेचा पहिला भाग हिंदीतल्या किशोरवयावरच्या उत्तम कामांपैकी एक आहे. तिकीटबारीचा हिशेब हा वितरकाचा हिशेब असतो. 'शोले'लासुद्धा 1975च्या ऑगस्टमध्ये पहिल्या काही दिवसांत धंद्यातल्या लोकांनी पडेल ठरवलं होतं, मग तोच मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला.

समीक्षकांच्या घाईचंही तसंच. हॉलिवूडमधल्या सर्वांत वाईट कामाला 'गोल्डन रास्पबेरी' देण्याची प्रथा जॉन विल्सन यांनी 1981 साली आपल्या घरी सुरू केली. त्या पहिल्याच वर्षी 'द शायनिंग'साठी स्टॅन्ली क्युब्रिक वाईट दिग्दर्शकांच्या यादीत होते आणि शेली डुवाल वाईट अभिनेत्रींच्या. डुवाल यांचं नामांकन मागे घ्यायला 2022 साल उजाडावं लागलं. त्या बाईंनी जे भय पडद्यावर उभं केलं, ते ज्यांना आक्रस्ताळेपणा वाटलं त्यांनी सिनेमा बघितला होता की नुसती चेष्टेची संधी शोधली होती, असा प्रश्न मला आजही पडतो. म्हणून 'सगळेच त्याला वाईट म्हणतात' हा पुरावा मी धरत नाही.

आता गरिबीत काढलेले सिनेमे. जगभरात या चर्चेत पहिलं नाव दिग्दर्शक एड वुडच्या 'प्लॅन 9 फ्रॉम आउटर स्पेस'चं येतं. 1980 साली मेडव्हेड बंधूंच्या पुस्तकात त्याला आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा ठरवलं आणि तो शिक्का कायमचा बसला. वुड तोवर गेलेला होता. आता त्या माणसाच्या हातात काय होतं ते बघा. त्याचा मित्र, नट बेला लुगोसी 1956 साली वारला, त्याची आधी घेतलेली थोडीशी चित्रफीत शिल्लक होती. उरलेल्या दृश्यांसाठी वुडने बायकोच्या ओळखीतल्या, हाडं बसवणाऱ्या एका कायरोप्रॅक्टरला झग्याने तोंड झाकून उभं केलं. पैसा एका बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींकडून आला, आणि त्यांना नावातला 'थडगी लुटणारे' हा उल्लेख खटकला म्हणून नाव बदललं. कबरस्तानचा सेट हलतो, संवाद अडखळतात, दिवस आणि रात्र एकाच प्रसंगात मिसळतात. सगळं खरं. पण त्याला गोष्ट सांगायची होती आणि मेलेल्या मित्राला पडद्यावर आणायचं होतं, हे प्रत्येक दृश्यात दिसतं. टिम बर्टनने 1994 साली वुडवर सिनेमा काढला. लुगोसीच्या भूमिकेसाठी मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. निव्वळ टाकाऊ कामातून असं काही निघत नाही.

आपल्याकडे रामसे बंधूंचं घ्या. 'दो गज़ ज़मीन के नीचे' 1972चा, त्याचं चित्रण महाबळेश्वरला झालं. घरचीच माणसं कॅमेरा, आवाज, दिग्दर्शन वाटून घ्यायची. मोठे तारे नाहीत, मोठी थिएटरं नाहीत, प्रेक्षक तालुक्याच्या गावचा आणि रात्रीच्या खेळाचा. त्याला भीती दाखवायचं कबूल केलं आणि दाखवली. 'पुराना मंदिर' 1984 साली मोठ्या सिनेमांच्या बरोबरीने चालला तो काही उगाच नाही.

'गुंडा' 1998चा. नव्वदच्या दशकात मिथुन चक्रवर्तींनी उटीला आपलं बस्तान बसवलं आणि तिथे झटपट, कमी खर्चात सिनेमे निघू लागले. लहान गावांतून पैसा परत मिळायचा, निर्मात्याचं भागायचं. कांती शाह यांचा 'गुंडा' त्याच काळातला आणि त्याच बाजारासाठी काढलेला. त्यातली खलनायकांची यमक जुळवून बोलण्याची पद्धत तरुण मुलांनी पाठ केली. मला त्यातली बायकांवरची हिंसा बघवत नाही आणि मी तो कुणाला सुचवणार नाही. पण सर्वांत वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण एवढ्या साधनांत याहून फार वेगळं निघालं असतं असं मला वाटत नाही.

टॉमी वायझोचा 'द रूम' (2003) मात्र थोडा निराळा. तिथे पैसा होता, साठ लाख डॉलरच्या घरात खर्च झाल्याचं सांगतात. कॅमेरे भाड्याने घेण्याऐवजी विकतच घेतले आणि फिल्म व डिजिटल असे दोन्ही शेजारी लावून एकाच वेळी चित्रण केलं. तरी लोक वीस वर्षं मध्यरात्रीच्या खेळांना चमचे घेऊन जातात, कारण सेटवरच्या चौकटीत चमच्याचं चित्र आहे. त्या माणसाने स्वतःचं दुःख जसं समजलं तसं मांडलं, आणि लोकांना ते जाणवतं. कंटाळा येत नाही. कंटाळा हा माझ्या लेखी मोठा गुन्हा आहे.

आता 'माहेरची साडी'. हे नाव वाचून मला खरंच वाईट वाटलं. विजय कोंडके यांचा हा 1991चा सिनेमा, 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी सिनेमावरून केलेला. जन्मताच आई गेली म्हणून बापाने पांढऱ्या पायाची ठरवलेली लक्ष्मी, नंतर सासरचा छळ. अलका कुबल, उषा नाडकर्णी, विक्रम गोखले. त्यात बाईने सोसतच राहायचं हा जो सूर आहे, त्याच्यावर टीका व्हायलाच हवी. पार्श्वसंगीत प्रत्येक हुंदक्याला धावून येतं, हेही खरं. पण शहरात बसून हसणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की गावोगावच्या बायका तंबूतल्या सिनेमाला गटागटाने, काही जणी आयुष्यात पहिल्यांदा, याच खेळाला गेल्या. घरात ज्याबद्दल चकार शब्द काढता येत नव्हता त्यावर चारचौघींत मोकळेपणी रडता आलं. सासूच्या भूमिकेला शिव्या पडल्या त्या अभिनयाची पावती होती. सिनेमाने ज्यांच्यासाठी जे कबूल केलं ते पुरेपूर दिलं. आवडीनिवडी वेगळ्या असू शकतात, पण हा वाईट सिनेमा नव्हे.

मग माझी कसोटी काय? करणाऱ्याच्या हातात काय होतं, त्याला काय येत होतं, आणि त्यातून प्रेक्षकाच्या पदरात काय पडलं. या कसोटीवर 'आग'च्या जवळपास येणारा दुसरा सिनेमा मी पाहिलेला नाही.

हातात काय नव्हतं? दिग्दर्शक 'शिवा', 'रंगीला', 'सत्या', 'कंपनी', 'सरकार' केलेला. 'सत्या'त मोठे तारे नव्हते, पण पावसाळी मुंबई, कोंदट खोल्या आणि मनोज बाजपेयींचा भिकू म्हात्रे यांनी हिंदीतल्या गुन्हेगारीपटांची चालच बदलली. 'आग'मध्ये अमिताभ बच्चन, मोहनलाल, अजय देवगण, सुश्मिता सेन. गोष्ट 'शोले'ची, म्हणजे पन्नास वेळा पाहूनही माणूस पुन्हा बसतो अशी. एवढं सगळं जमवून जे समोर आलं ते बघताना मला राग आला, आणि तो अजून ओसरलेला नाही.

उदाहरणं देते, नाहीतर ही नुसती चिडचिड वाटेल. 'शोले'तल्या ठाकूरचे हात कापलेले आहेत हे आपल्याला बराच वेळ माहीत नसतं. अंगावर शाल असते. होळीच्या हल्ल्यात बंदूक पायाशी पडलेली असून ठाकूर उचलत नाही, जय-वीरू संतापतात, आपणही त्यांच्याबरोबर संतापतो. मग तो मागची हकीकत सांगतो, आणि वाऱ्याने शाल उडते. एका क्षणात आधीचा सगळा राग आपल्याच अंगावर येतो. ही पटकथेची करामत आहे, सलीम-जावेदची. 'आग'मध्ये मोहनलालच्या इन्स्पेक्टर नरसिंहाची बोटं छाटलेली आहेत. हातांऐवजी बोटं केली आणि प्रसंगातला कणाच काढून घेतला. मोहनलालसारखा नट डोळ्यांनी जेवढं ओढता येईल तेवढं ओढतो, पण ते गुपित उलगडताना धक्का बसत नाही, कारण त्यासाठी आधी काही साठवूनच ठेवलेलं नाही.

दुसरं, टांगा. बसंती घोडीशी बोलते, धन्नो तिची सखी आहे, म्हणून 'आज तेरी बसंती की इज़्ज़त का सवाल है' म्हटलं की आपला जीव त्या घोडीच्या पायांत जातो. 'आग'मध्ये बसंतीच्या जागची घुंगरू रिक्षा चालवते. कल्पना कागदावर ठीक आहे, मुंबईला रिक्षावाली बाई शोभते. पण रिक्षाशी तिचं नातं काही जोडलेलं नाही. बडबड तेवढी उरली, माया गेली.

तिसरं आणि माझ्या मते मुख्य, रामगढ. पोलीस लांब, डोंगर जवळ, गावकरी घाबरलेले, म्हणून ठाकूरला दोन चोर आणावे लागतात. मुलाचं प्रेत समोर असताना हनगलांचा इमाम गावाला लाजवतो तो प्रसंग गाव आहे म्हणूनच घडतो. सगळी गोष्ट त्या एकटेपणावर उभी आहे. 'आग'ने ती उचलून आजच्या काळात, कालीगंज नावाच्या वस्तीत आणली. मग प्रश्न पडतो, की या वस्तीला बब्बनची, म्हणजे इथल्या गब्बरची, इतकी भीती का, आणि बाकीचं जग कुठे आहे? सिनेमाला तो प्रश्न पडतच नाही.

आणि कॅमेरा. 'शोले'त राधा हवेलीतले दिवे मालवते आणि समोर जय माउथ ऑर्गन वाजवतो, त्या शब्दाविना प्रसंगांसाठी छायाचित्रकार द्वारका दिवेचांनी सूर्यास्तानंतरचा थोड्याच वेळाचा उजेड धरला, त्यामुळे चित्रणाला कितीतरी दिवस लागले. दोन माणसांत किती अंतर आहे ते त्या चौकटीतच दिसतं. 'आग'मधला कॅमेरा पायांजवळून, वस्तूंच्या आडून, नाकाच्या टोकावरून बघत राहतो. प्रत्येक चौकट काहीतरी विचित्र करते, आणि कोण कुठे उभं आहे हेच कळत नाही. 'सत्या'तही अशा चमत्कारिक जागा होत्या, पण तिथे त्या माणसाच्या मनातली भीती दाखवायला यायच्या.

बच्चन यांच्या बब्बनबद्दल बरंच हसून झालं आहे, मी त्यात भर घालणार नाही. ज्यांनी जय केला त्यांनाच गब्बरच्या जागी बसवायचं, ही कल्पना धाडसी होती. तिला साजेसा एक प्रसंग जरी लिहिला असता तरी तेवढ्यासाठी मी सिनेमा माफ केला असता.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 2015 साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्वामित्वहक्काच्या भंगाबद्दल दहा लाखांची भरपाई ठरवली, आणि स्वतः वर्मांनीही हा सिनेमा चूक होती असं पुढे बोलून दाखवलं. त्यांना शिक्षा व्हावी म्हणून मी हे लिहीत नाहीये. 'सत्या' करणाऱ्या माणसाकडून माझ्या अपेक्षा होत्या आणि अजूनही आहेत.

कुणी विचारेल, मग 'धडक'चं काय? मराठी माणसाला तो जास्त लागतो, मलाही लागला. 'सैराट'मधली जात बाजूला सारून उदयपूरचे वाडे दाखवले, तर आर्ची-परशाला पळून का जावं लागलं हेच धूसर होतं. आजार तोच आहे, गोष्ट ज्या कण्यावर उभी आहे तो काढून टाकणं. पण 'धडक' निदान नीट सांगितलेला सिनेमा आहे, दोन नवी मुलं मनापासून काम करतात, आणि शेवट बदलताना तरी कुणीतरी विचार केलेला आहे. त्याला मी फसलेला म्हणेन, 'आग'च्या पंगतीला बसवणार नाही.

दुसरा क्रमांक कुणाला, असं कुणी विचारलंच तर 'हमशकल्स', 2014. तीन नट, प्रत्येकाचे तीन-तीन अवतार, आणि विनोद मनोरुग्णांच्या जिवावर. 'आग'मध्ये निदान कुणा दुबळ्याची टिंगल नाही. तरी तो मी दुसरा ठेवते, कारण त्याच्याकडून मला कधीच काही नको होतं.